शाल नको म्हणाले ती गोष्ट

आमच्या टाउनशिपच्या मराठी मंडळाने माझ्या सासऱ्यांची शोकसभा आणि ज्येष्ठांच्या सेवेबद्दलचा वार्षिक सत्कार एकाच संध्याकाळी उरकायचं ठरवलं. हॉल तेवढाच एक दिवस मोकळा होता म्हणे. सत्कारमूर्ती कोण, तर मी. सासऱ्यांचं तेरावं होऊन दोन दिवस झालेले, आणि त्यांची सेवा केली म्हणून मला शाल-श्रीफळ! मंडळाचे सचिव चांदोरकर घरी सांगायला आले तेव्हा हसावं की रडावं तेच कळेना. नाही म्हणायचं त्राणही नव्हतं अंगात. बरं म्हटलं.

नानांचा, म्हणजे सासऱ्यांचा, परिचय लिहून द्या, असंही ते सांगून गेले. गोविंदराव घोसाळकर, वय त्र्याण्णव, ब्रह्मदेशच्या लढाईत होते. चांदोरकरांना त्यात बंदूक हवी होती. मी सांगितलं, अहो, नाना तिथे खेचरं हाकायचे. डोंगरातून दारूगोळा आणि शिधा खेचरांच्या पाठीवरून जायचा. तर म्हणाले, खेचरं वगैरे राहू द्या वहिनी, शूर सैनिक एवढंच लिहा. मी तेवढंच लिहिलं. वाद कोण घालणार?

लढाईतलं नाना मला एकदाच बोलले होते, घरात कोणी नसताना. खेचर ओरडलं तर शत्रूला पत्ता लागेल, म्हणून डॉक्टर खेचरांच्या घशातला आवाजच कापून टाकायचे. मुंडकं धरून ठेवायचं काम नानांचं. मग ती मुकी जनावरं घेऊन चार-चार महिने जंगलात चालायचं. तेव्हापासून चार भिंतींत त्यांचा जीव घुसमटायचा. पुढे इथे कारखान्याच्या सिक्युरिटीत लागले, टाउनशिपच्या बरखेडा भागात क्वार्टर मिळालं, तरी थंडी असो की पाऊस, खाट व्हरांड्यातच. दर रविवारी कॉलनीतली दहा-पंधरा पोरं गोळा करून केरव्याच्या, नाहीतर देलावाडीच्या जंगलात. ठसा बघून तरस की कुत्रा ते सांगायचे. आज ती पोरं टकली झालीत, पण नानांचं नाव काढलं की पाण्याचे झरे आणि पळसाच्या पानावरची खिचडी आठवते त्यांना. मला आठवतात ते चिखलाने भरलेले बूट. बत्तीस वर्षं मीच धुतले.

शेवटची दोन वर्षं मात्र माझी पार दमछाक झाली. नाना पहाटे उठायचे आणि चालू पडायचे. एकदा हबीबगंज स्टेशनपाशी सापडले, एकदा पिपलानीच्या बाजारात, तिसऱ्यांदा थेट कोलार रोडवरून पोलिसांचा फोन आला. पायात एकच चप्पल. विचारलं तर म्हणाले, केरव्याला निघालोय, सूनबाई. त्यानंतर व्हरांड्याच्या जाळीच्या दाराला कुलूप लागलं.

नानांनी आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं, मीही चार शब्द सुनावले असते. पण ते नुसते जाळीला धरून उभे राहायचे. एका शब्दाने बोलायचे नाहीत. मी पाठ करून भाजी चिरत बसायची. दर दोन-तीन दिवसांनी एवढंच म्हणायचे, उषा, एकदा केरव्याला ने. मी म्हणायची, दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली. मग म्हटलं, जरा ऊन पडू दे. दीड महिना असाच गेला आणि एका सकाळी चहा घेऊन गेले तर नाना उठलेच नाहीत. खाटेवर होते, जाळीच्या आत.

तेव्हापासून एकच गोष्ट मला खात होती. लोक येऊन म्हणायचे, अशी सून मिळायला भाग्य लागतं, आणि माझा घास तोंडातच फिरायचा. ह्यांना, म्हणजे नानांच्या मुलाला, उदयना, मी दोनदा म्हटलं की आपण चुकलो. ते पेपर चाळत राहिले. त्याच कारखान्यातून रिटायरमेंट चार महिन्यांवर, क्वार्टर सोडायचं, तेच त्यांच्या डोक्यात.

सभेला हॉल भरला होता. चांदोरकरांनी शूर सैनिक वाचलं, दोन मिनिटं शांतता पाळली आणि लगेच माझं नाव पुकारलं. मी स्टेजवर गेले. शाल घडी मोडून खांद्यापर्यंत आली, तेव्हा मी ती हाताने थांबवली आणि माइक घेतला. ठरवून काही केलं नाही. ते ओझं आणखी उचलवेना, एवढंच.

"ही शाल मला नको," मी म्हटलं. "शेवटचा दीड महिना नानांना मी कुलपात ठेवलं. त्र्याण्णव वर्षांच्या माणसाला. केरव्याला ने म्हणत होते, नेलं नाही. मी थकले होते हो. पण म्हणून ते बरोबर होत नाही."

चांदोरकर शाल हातात घेऊन तसेच उभे. शेवटी वहिनी भावनेच्या भरात आहेत, असं काहीतरी पुटपुटले. तेवढ्यात पहिल्या रांगेतून हे उठले. चार माणसांत कधी तोंड न उघडणारा माणूस.

"कुलूप मी आणलं होतं," हे म्हणाले. "लावायला हिला सांगितलं आणि ड्युटीवर निघून गेलो. बाप माझा होता. मला त्या जाळीकडे बघवत नव्हतं."

आणि खाली बसून त्यांनी तोंड हातांत लपवलं.

लोक म्हणाले, केवढा मोठेपणा. मी स्टेजवरून उतरून ह्यांच्याशेजारी जाऊन बसले, पाठीवर हात ठेवला, आणि खरं सांगते, मनातून संताप संताप झाला. हेच दीड महिन्यापूर्वी घरात बोलले असते, तर एकट्या माझ्या अंगात नव्हतं ते बळ दोघांत आलं असतं, नानांना धरून घेऊन गेलो असतो. रिक्षाने तासाभराचा तर रस्ता.