पांढऱ्या कापडाची होडी

मित्रांनो, मला होडी म्हणा, ओंडका म्हणा, नाहीतर बाक म्हणा, मला राग नाही. शाळेमागच्या छपराखाली मी पडून असते आणि मधल्या सुट्टीत तुम्ही माझ्यात बसून भाजलेली केळी खाता. खा बाबांनो, पोटभर खा, फक्त साली माझ्यात टाकू नका. माझं वय विचाराल तर सांगता येणार नाही. आणि जे आठवतं, त्यातलं पुष्कळसं मला कधी नीट कळलेलंच नाही.

मी मूळची वरच्या जंगलातली. इजो जमातीच्या सुतारांनी एकाच झाडातून मला कोरलं आणि पोटात जाळ घालून रुंद केलं. त्या जाळाला मी जाम घाबरले होते! मग बेनिन नदीवरच्या एबोरो गावच्या ओमाग्बेमी सरदारांनी मला हौसेनं घरी नेलं. पामतेलाची पिंपं घेऊन मी गोऱ्यांच्या जहाजांपर्यंत जायची. वीस वल्ही एकदम पाण्यात पडली की काठावरची माणसं म्हणायची, "आली बघा सरदारांची लाडकी!" खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटायचं.

गोरे तेव्हा आमचे दोस्त. त्यांनीच माझ्या नाकावर छोटी तोफ बसवून दिली. त्यांनीच सरदारांना चांदीच्या मुठीची काठी दिली आणि "या नदीचे कारभारी तुम्हीच" असं सांगितलं. ती काठी मीच घरी आणली. आणि मग एक दिवस तेच गोरे म्हणायला लागले, सरदार आमची वाट अडवतात, तेलाच्या गावांना थेट जाऊ देत नाहीत, यांना हटवायलाच हवं! नदीच्या तोंडाशी तोफांची जहाजं येऊन उभी राहिली. काल कारभारी, आज गुन्हेगार. मधे घडलं काय? नदी तीच होती, तेलही तेच होतं. माझं डोकं तेव्हा जे चक्रावलं, ते अजून ठिकाणावर आलेलं नाही.

माझं सुकाणू तुओयोच्या हातात असायचं. माणूस आडदांड, पण बायकोपुढे लोण्यासारखा मऊ. बायको आयोमिके, दिवस भरलेली. गावावर रोज गोळे पडत होते, म्हणून सरदार म्हणाले, "तुओयो, तिला पलीकडे तिच्या आईकडे पोचव आणि लगेच माघारी ये." सकाळी ओहोटीला, दोनच वल्हेवाले घेऊन निघायचं ठरलं. पण आयोमिके काठावरच बसकण मारून बसली.

"कापड बांधलंत?"

"अगं, तोफा चालल्यात आणि तुला कापड सुचतंय?"

"तोफा गोऱ्यांच्या आहेत. नदी उमालोकुन मातेची आहे. बांधा मुकाट्यानं, नाहीतर मी इथेच बाळंत होते, मग बसा कपाळाला हात लावून!"

तुओयोनं माझ्या नाकावर पांढरं कापड बांधलं. आमच्याकडे रीतच तशी. पोटुशी बाई नदी ओलांडत असली, की होडीला पांढरं कापड लावायचं. नदीमातेला नैवेद्य न्यायचा असला तरी तेच. ते दिसलं की काठावरच्यांनी हातातलं खाली ठेवायचं आणि पाठ फिरवायची. त्या होडीकडे बघायचं नाही, तिच्यातून हाक आली तरी ऐकायची नाही. नदीमातेचा मान ठेवायचा तो असा.

नदीच्या मध्यावर जहाजाकडून एक छोटी बोट थेट आमच्यावर आली. मी म्हटलं, झालं, संपलो आता. पण कुणी गोळी झाडेना! उलट एक तरुण गोरा अधिकारी उभा राहून टोपीला हात लावायला लागला. त्याच्याबरोबर लागोसचा दुभाषी होता. त्यानं विचारलं, "साहेब म्हणतात, सरदारांचा काय निरोप आहे?"

"कसला निरोप?" तुओयो म्हणाला. "माझ्या बायकोला कळा येतायत!"

"मग हे कापड?"

"ते नदीमातेचं."

दुभाष्यानं कपाळावर हात मारला. "अरे बाबा, यांच्यात पांढरं कापड म्हणजे लढाई थांबवा, बोलू या. दुपारी भरतीला आम्हीच असं कापड लावून तुमच्या गावाशी येणार आहोत. हे शेवटचं बोलणं. कुणी पुढे आलं नाही, तर सगळ्या तोफा एकदम सुटणार."

अधिकाऱ्यानं आयोमिकेचा चेहरा पाहिला आणि हातानंच 'जा' म्हटलं. त्यांची बोट लांब गेली, आणि मग तुओयोच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुपारी पांढरं कापड दिसणार आणि अख्खं गाव पाठ फिरवणार! त्यानं बोटीला हाका मारल्या, पण वारा उलटा होता.

त्यानं मला गावाकडे वळवलं. आयोमिके कळवळली, तसं परत पलीकडे वळवलं. "माझं राहू द्या, गावाकडे चला!" ती ओरडली, म्हणून पुन्हा माघारी. आणि पुढच्या कळेला तिनं त्याचा हात असा आवळला की मी तिसऱ्यांदा... छे, चौथ्यांदा वळले. वल्हेवाले दोघे वैतागले. "दादा, एकदाचं काय ते ठरव!"

तुओयोनं बायकोला निवडलं. काठ लागायच्या आधीच मुलगी झाली, माझ्याच पोटात. सासूच्या हाती दोघींना सोपवून, लेकीचं तोंडही न बघता त्यानं मला पाण्यात लोटलं. भरती लागली होती. त्या तिघांनी वल्ही अशी मारली, की माझं अंग करकरायला लागलं.

वळणावर आलो आणि पाहिलं. गोऱ्यांची बोट कापड फडकवत माघारी निघाली होती. काठावर बंदुका जमिनीवर ठेवलेल्या, आणि सगळं गाव पाठ करून उभं. सरदारसुद्धा.

"वळा! अरे वळा, बोला त्यांच्याशी!" तुओयोनं घसा फोडला.

एकही मान वळली नाही. कशी वळेल? माझ्याही नाकावर ते कापड तसंच होतं. तुओयोनं ते ओरबाडून काढलं, तेवढ्यात पहिली तोफ धडाडली.

संध्याकाळपर्यंत गाव जळलं. पुष्कळ माणसं गेली. सरदारांना जहाजात घालून कुठल्याशा दूर देशी नेलं. सरदारांनी बोलायलाच नकार दिला, असं गोऱ्यांनी सगळ्यांना सांगितलं.

ती मुलगी रोली. मोठी झाल्यावर एकदा माझ्यात बसून जाळं दुरुस्त करताना तिनं विचारलं, "बाबा, मी त्या दिवशी जरा थांबून जन्मले असते, तर गाव वाचलं असतं का हो?"

तुओयोनं तिच्या हातातलं जाळं काढून घेतलं. "वेडी का काय! तू अगदी वेळेवर आलीस. उशीर मला झाला. कापड सोडायचं मला आधी सुचलं नाही." आणि एवढा मोठा बाप्या माझ्या काठाला डोकं टेकून रडला.

मित्रांनो, चूक नेमकी कुणाची? गोऱ्यांची तर होतीच. बोलायला येताना मागे तोफा रोखून का कुणी येतं? पण आमचं काय चुकलं, हे मी अजून स्वतःला विचारत असते. तुम्हाला माझं एवढंच मागणं आहे. कुणी तुमच्याकडे येताना दिसलं, तर मान जरूर द्या, पण त्याच्या तोंडाकडे बघून द्या. आणि 'कशासाठी आलात?' एवढं विचारा. त्या दिवशी अख्खं गाव काठावर उभं होतं. एकानंही विचारलं नाही.