भाऊंच्या हातचा केक

आमच्याकडं माणसाला प्रेम आलं, की त्याचा हात आधी दुसऱ्याच्या तोंडाकडं जातो. बारसं असो, दहावीचा निकाल असो, सरपंचाचा वाढदिवस असो, समोरच्याच्या तोंडात काहीतरी गोड कोंबल्याशिवाय कुणाचा आनंद पुरा होत नाही. माझ्या वैष्णवीला तोंडाजवळ दुसऱ्याचा हात चालत नाही. ती नऊ वर्षांची आहे, बोलत नाही, आणि ताटातलं स्वतःच्या बोटांनी उचलून खाते. मागं एका लग्नात तिच्या आत्यानं हौसेनं पेढा भरवला, तर पोरीनं ओठ असे मिटले की दोन दिवस पाण्याचा घोटही घेईना, शेवटी बीडला नेऊन सलाईन लावावं लागलं. आत्या अजून म्हणते, "पेढ्यानं कुनी मरत न्हाई."

नेकनूरला अशा मुलांची एक छोटी शाळा आहे. दोन खोल्या, एक पत्र्याचं शेड आणि मोहिनीताई. गेल्या वर्षी एका मोठ्या इंग्रजी शाळेनं नाताळाला आमच्या मुलांनाही बोलावलं होतं. डीजे, फुगे, चॉकलेटांचा पाऊस. वैष्णवी कानात बोटं घालून बाकाखाली शिरली ती बाहेरच येईना. म्हणून यंदा आम्ही आयांनी ठरवलं, आपला नाताळ आपणच करायचा, आवाज न करता. गाणी नाहीत, टाळ्या नाहीत, आणि साखर तर नाहीच. आमच्यातल्याच पंचशीलाच्या पवनला फिट येते म्हणून डॉक्टरांनी त्याची साखर बंद केलीय, मग एकानं खायचं आणि एकानं बघायचं, असला सण काय कामाचा? मोहिनीताईंनी मान डोलावली. बाहेरचं कुणी येणार नाही, असा शब्द दिला.

आणि खरंच छान झाला हो आमचा नाताळ! बादलीत वाळू भरून त्यात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उभ्या केल्या, तेच आमचं झाड. मुलांनी घरच्या कापसातली सरकी बोटांनी काढायची आणि तो कापूस काड्यांना बर्फ म्हणून लावायचा. सरकी काढायला मुलांना इतकं आवडलं की खोलीत नुसती बोटांची हालचाल. खायला हुरडा, पेरू, भाजलेल्या शेंगा, ज्याला जे चालतं ते त्याच्या ताटलीत. वैष्णवी पवनच्या शेजारी बसली आणि शेंगा फोडून खाऊ लागली. घराबाहेर, चार लोकांत, तिनं आजवर दाणासुद्धा तोंडात घातला नव्हता. मी पंचशीलाचा हात घट्ट धरला. मला रडू येत होतं.

तेवढ्यात दारात गाडी थांबली.

विजयसिंहभाऊ आले. त्यांच्या पेट्रोल पंपावर माझा नवरा अंगद कामाला आहे, आणि निवडणुका जवळ आल्या की भाऊंना सगळी लेकरं आपली वाटायला लागतात. डोक्यावर लाल टोपी, मागं मोबाइल उगारलेले आठ-दहा कार्यकर्ते, आणि दोघांनी मिळून उचलून आणलेला एक केक. गुलाबी. त्यावर भाऊंचाच फोटो, मिशांसकट! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा टोपी घालून येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मी मोहिनीताईंकडं पाहिलं. त्या पुटपुटल्या, "शेडचे पत्रे भाऊनीच दिलेत, ताई. न्हाई कसं म्हनू?"

कापसाचं झाड फोटोत आडवं येतं म्हणून कुणीतरी पायानं सरकवलं. पंचशीला हुशार, तिनं पवनला उचललं आणि मागच्या दारानं निघून गेली. मी वैष्णवीकडं निघाले, तर वाटेतच माझा सत्कार झाला. आदर्श माता म्हणे! एकानं शाल घातली, दुसऱ्यानं हातात नारळ दिला, तिसऱ्यानं गुच्छ. नको नको म्हणेपर्यंत माझे दोन्ही हात भरले.

"भाऊ, तिला भरवू नका," मी ओरडले. "ताटलीत ठेवा, ती तिच्या हातानं घेती."

"आसं कसं? सनाला तोंड गोड करायचं न्हाई तर काय कडू करायचं?" भाऊ हसले. "आमच्या अंगदची लेक म्हंजी आमचीच लेक हाय."

सगळे हसले. वैष्णवीनं मान वळवली, हात आडवे घातले. आणि मोहिनीताईंनी, तिला रोज अक्षरं गिरवायला शिकवणाऱ्या मोहिनीताईंनी, तिची दोन्ही मनगटं धरली. "एकच फोटू, बाळा."

मी नारळ टाकून पोचेपर्यंत केक आत गेला होता. भाऊंच्या गालाचा तुकडा माझ्या पोरीच्या तोंडात. ती किंचाळली आणि भडभडून ओकली. चारजण रुमाल घेऊन धावले, भाऊंचा सदरा पुसायला.

संध्याकाळी अंगद हसतच घरात आला. "बघ, भाऊनी सोताच्या हातानं भरवलं! समदे पंपावरचे म्हनत्यात, पोरगी लई खूश हाय. मी स्टेटसला ठिवलंय."

फोटोत वैष्णवीचं तोंड उघडं होतं, डोळे मिटलेले. खाली लिहिलं होतं, 'निरागस हास्य, हीच आमची कमाई.'

"नीट बघा," मी म्हणाले.

"हसतीय की."

"मनगटं कुनी धरलीत, ते बघा."

त्यानं फोटो मोठा केला. बराच वेळ बघितला. त्याचा चेहरा उतरला, त्याला कळलं होतं. मला वाटलं, आता तरी हा माणूस तो फोटो स्टेटसवरून काढेल.

"काढला तर भाऊला कळंल," तो म्हणाला. "त्यांनी बघितलाय. राहू दे आजच्या दिस."

भाऊंची किळस आली होती, मोहिनीताईंची त्याहून जास्त आली होती. पण आपल्याच घरातल्या माणसाची इतकी किळस येऊ शकते, हे मला ठाऊक नव्हतं. मी शाळेचा ग्रुप उघडला. तिथंही तोच फोटो होता, त्याखाली अंगठे आणि फुलं. मी लिहिलं, 'माझी मुलगी हसत नाही, किंचाळतेय. तिचे हात मोहिनीताईंनी धरलेत.' पाठवलं आणि फोन अंगदच्या पुढ्यात ठेवला.

वाचून तो उभाच राहिला. "हे काहून लिव्हलंस? भाऊनं वाचलं म्हंजी? उद्या पंपावर उभं करतील का मला? काढ आधी. काढ म्हनतो ना!"

मी काढलं नाही. वैष्णवी भिंतीकडं तोंड करून बसली होती, दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून. तिच्या ताटातली भाकरी वाळून वाकडी झाली होती. पोरगी जेवली का, हे अंगदनं अजून विचारलं नव्हतं.