चहात न बुडालेला थर्मामीटर

मित्रांनो, काचेचा, म्हातारा आणि जरा जास्तच चौकस असा मी एक थर्मामीटर आहे. कारखान्यात एका कामगाराने माझी नळी ओढली आणि पाऱ्याच्या फुगवट्यापाशी मुद्दाम चिंचोळी केली. त्यामुळे एकदा चढलेला माझा पारा आपोआप उतरत नाही. मला झटकावं लागतं.

या घरात आलो तेव्हा काय माझा रुबाब! कुणी नुसतं शिंकलं तरी मला बोलावणं. मग बटणाचा नवा थर्मामीटर आला आणि मी औषधांच्या खणात कापसामागे जाऊन पडलो. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय! पुढे त्याची बॅटरी संपली, ती कुणी आणेना, आणि सगळ्यांना पुन्हा मी आठवलो.

घरात नऊ वर्षांची मुलगी होती. एका जागी पाय ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. पण दर महिन्या-दीड महिन्याने ही भिंगरी गुडघे पोटाशी घेऊन कण्हत पडायची. मी तिच्या जिभेखाली गेलो की पारा थेट एकशेतीनवर! दोन दिवसांनी ताप गायब, दुखणं गायब, आणि बाईसाहेब जिन्यावर उड्या मारायला मोकळ्या. खोकला नाही, जुलाब नाहीत, मग हा ताप येतो कुठून आणि जातो कुठे? मला काही चैन पडेना.

मुलांच्या डॉक्टर गावात फक्त गुरुवारी बसत. तोवर पोरगी ठणठणीत. शिवाय आई मला खिडकीपाशी वाचायची आणि लगेच झटकून, धुऊन ठेवायची. बाबा संध्याकाळी घरी येत तेव्हा माझ्याजवळ दाखवायला काहीच उरलेलं नसे.

"परवा गणिताचा पेपर आणि आज पोटदुखी! चहात बुडवला असेल थर्मामीटर. नाटकी कुठली," बाबा म्हणायचे.

अहो, मी आणि खोटं बोलेन? असा राग यायचा मला!

एका मंगळवारी पुन्हा तेच. आईने मला वाचलं आणि झटकायला हात उचलला.

"आई, झटकू नकोस ना! तसाच डबीत ठेव. डॉक्टरांना दाखवू," भिंगरी कळवळून म्हणाली.

गुरुवारी दवाखान्यात डबी उघडली. पारा एकशेतीनवर तसाच.

"चहा बराच गरम होता वाटतं," बाबा हसत म्हणाले.

डॉक्टरांनी मला उजेडात धरलं. "गरम चहात घातला असता तर हा केव्हाच फुटला असता. एकशेदहाच्या पुढे याला जागाच नाही."

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला.

"आता दुखायला लागलं की त्याच दिवशी माझ्या मोठ्या इस्पितळात आणा. गुरुवारची वाट बघू नका," डॉक्टर म्हणाल्या.

पुढच्या वेळी बाबांनीच तिला उचलून नेलं. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. अपेंडिक्स चांगलं होतं. सूज होती ती पोटाच्या आतल्या अस्तराला. रक्ताची आणखी एक तपासणी दूर पाठवली आणि उत्तर आल्यावर डॉक्टरांनी समजावलं, "जंतू नसतानाही हिचं शरीर मधूनच उगाच आग पेटवतं आणि आपणच विझवतं. जन्मापासूनचा आजार आहे, फार थोड्या मुलांना होतो. रोज एक गोळी घ्यायची, चुकवायची नाही."

म्हणजे ताप असा येत होता तर! माझा जीव भांड्यात पडला.

त्या संध्याकाळी बाबा तिच्या उशाशी बसले. "फार दुखायचं का गं?"

"दुखायचं," भिंगरी म्हणाली. "पण तुम्ही नाटकी म्हणालात की जास्त रडू यायचं."

बाबा तिचे पाय चेपत राहिले.

मित्रांनो, मला जपून वापरा, पडलो तर फुटेन. पण एवढंही लक्षात ठेवा, माझ्या रेघा फक्त ताप मोजतात. दुखणं मोजायची रेघ माझ्या अंगावर नाही. ते ज्याचं त्यालाच विचारावं लागतं, आणि तो सांगेल ते आधी खरं मानावं लागतं.