फोटोत काय हाय?

मी एक जुना आवाज आहे. नुसता आवाज. मला तोंड नाही, गळा नाही, पडसं होत नाही की घसा बसत नाही. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांनी मोबाईलच्या पडद्यावरून बोट फिरवायचं आणि बोटाखाली जे येईल ते मी वाचून दाखवायचं, एवढंच माझं काम. आवाज कुठे जुना होतो का, असं तुम्ही विचाराल. होतो मित्रांनो, चांगला होतो. माझ्यानंतर कितीतरी गोड गळ्याचे आवाज आले. मी मात्र अजून 'ग्रामपंचायत कार्यालय' असं न थांबता, शिक्षा सुनावल्यासारखं म्हणतो आणि ऐकणारे हसतात. हसू देत बापडे. कोणी हसलं म्हणून माझं काही अडत नाही.

माझा जन्म एका बंद खोलीत झाला. तिथे कोणीतरी मराठी वाक्यांमागून वाक्यं वाचली, इंजिनिअर लोकांनी त्यांचे बारीक तुकडे केले आणि गोधडी शिवावी तसे ते जोडून मला उभं केलं. पुढे मी पुष्कळ मोबाईलांत जाऊन बसलो. पण माझ्या ज्या आयुष्याची गोष्ट सांगावीशी वाटते ते गेलं बीड जिल्ह्यात, पाटोद्याच्या बाजारात, खाजामियाँच्या फळांच्या गाड्यावर.

खाजामियाँचा गाडा म्हणजे पाटोद्याचं वाचनालयच म्हणा ना. सकाळी फळं मांडून झाली की ते पेपर उघडायचे आणि खड्या आवाजात वाचायचे. माल घेऊन आलेले शेतकरी, हमाल, एसटीची वाट बघणारे, सगळे भोवती उभे राहायचे. 'खाजाभाई काय म्हणतात' ते ऐकल्याशिवाय बाजाराला सुरुवात झाली असं कोणाला वाटायचंच नाही. मग काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू नेली. गाडा मुलगा जावेद बघू लागला. खाजामियाँ घरी बसले आणि बसल्या जागी झुरू लागले. त्यांची बायको बीबीजान एक दिवस मुलाला म्हणाली, की डोळे गेल्याचं दुःख यांना नाही, सकाळ गेल्याचं आहे. तेव्हा जावेदने मोबाईलमध्ये मला जागं केलं आणि वडिलांना बोट कसं फिरवायचं ते शिकवलं.

आणि खाजामियाँ पुन्हा गाड्यावर आले. एका मोठ्या बातम्यांच्या वेबसाईटवरून मी त्यांच्या कानात वाचायचो आणि ते माझं ऐकून खड्या आवाजात लोकांना सांगायचे. माझ्यात जो रंग नाही तो ते भरायचे. त्यांची सकाळ परत आली. माझा मान वाढला. मी तेव्हा फार खुशीत होतो, हे कबूल करायला मला काही लाज नाही.

पण एक गोष्ट मला येत नव्हती. फोटो आला की मी फक्त म्हणायचो, 'चित्र'. पुढे काही नाही. कारण चित्राखाली कोणी काही लिहूनच ठेवलेलं नसायचं आणि लिहिलेलं नसेल ते मी कुठून आणू? माझा नाइलाज असायचा. तिथे शहादेव कामाला यायचे.

शहादेव म्हणजे खाजामियाँचे जुने दोस्त. पाटोद्याजवळच त्यांची पेरूची बाग. शाळेची पायरी कधी चढले नाहीत, पण नजर घारीची. गाड्यावर पेरू उतरवले की ते तिथेच रिकाम्या कॅरेटवर बसायचे. मी 'चित्र' म्हटलं की खाजामियाँ मोबाईल त्यांच्यापुढे धरून विचारायचे, "फोटोत काय हाय?" आणि शहादेव सांगायचे. नुसतं सांगायचे नाहीत, तिखटमीठ लावून सांगायचे. पुढाऱ्याने झाड लावल्याचा फोटो असला तर म्हणायचे की झाड एवढुसं आहे आणि त्याला धरणारे हात दहा, ते बिचारं जगतंय कसलं! खाजामियाँ म्हणायचे, दहा असतीलच कशाला, तू वाढवून सांगतोस. की जुंपलीच दोघांची. अक्षरं माझी आणि फोटो शहादेवांचे, अशी आमची वाटणी होती. मला ते 'पोपट' म्हणायचे. पढवलं तेवढंच बोलणारा. मला राग यायचा, पण बोलणं खोटं नव्हतं.

मग एका पाडव्याला त्या वेबसाईटने नवं रूप घेतलं. दिसायला म्हणे फार देखणी झाली. ज्यांना दिसतं ते सगळे वाहवा करत होते. माझी मात्र दातखीळ बसली. शब्दांच्या जागी चिन्हं आली आणि चिन्हांना नावंच दिलेली नव्हती. खाजामियाँनी बोट सरकवलं, मी म्हटलं, 'बटण.' पुन्हा सरकवलं, 'बटण.' पुन्हा, 'चित्र.' मथळासुद्धा चित्रातच कोरलेला, तो मी वाचू कसा? मध्येच जाहिरात पानभर पसरायची आणि ती बंद करायची फुली कुठे आहे ते मला सापडायचं नाही. जेमतेम एखाद्या बातमीपर्यंत पोहोचावं, तर पान आपोआप नवं व्हायचं आणि मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. भोवती माणसं उभी, खाजामियाँच्या कपाळावर घाम आणि मी आपला 'बटण, बटण, चित्र' करतोय. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

लोक चांगले होते, तोंडावर कोणी हसलं नाही. पण समोर बंकटच्या हॉटेलात मोबाईलवर बातम्यांचा व्हिडिओ मोठ्या आवाजात लागायचा. एकेक जण चहाच्या निमित्ताने तिकडे सरकू लागला. शेवटी कॅरेटवर बसलेले शहादेव तेवढे उरले. खाजामियाँ जावेदला म्हणाले की उद्यापासून मला गाड्यावर आणू नकोस. बीबीजानने ते ऐकलं. माणूस पुन्हा घरात बसला तर या वेळी उठायचा नाही, हे तिला ठाऊक होतं.

दुसरी वेबसाईट बघा, असं जावेदने सुचवलं. पण खाजामियाँ म्हणाले, एवढी वर्षं ज्यांच्या बातम्या ओरडून सांगितल्या त्यांना निदान एकदा विचारायला तर पाहिजे. तक्रार करायचं बटण वेबसाईटवर होतं, पण ते माझ्या लेखी नुसतं 'बटण'च. मग बंकटच्या हॉटेलातल्या त्यांच्याच छापील पेपरवरून जावेदने कार्यालयाचा नंबर काढला. तक्रार लिहू का, म्हणाला. खाजामियाँनी हात हलवून नको म्हटलं. त्यांनी जावेदचा मोबाईल माझ्यापुढे धरायला लावला, पहिलं पान उघडलं आणि वरपासून खालपर्यंत बोट हळूहळू सरकवत मला बोलू दिलं. मी बोललो, बोललो, बोलतच राहिलो. बटण. बटण. चित्र. बटण. ते सगळं त्यांनी रेकॉर्ड करून घेतलं आणि शेवटी स्वतः म्हणाले, "मी खाजामियाँ, पाटोद्याचा. हे तुमचं आजचं पान हाय. मला तर कायबी समजलं न्हाई. तुमाला समजलं तर मला सांगा."

एवढंच. ना रागावणं, ना रडगाणं. जावेदने ते तसंच त्या नंबरवर पाठवून दिलं.

दोन-तीन दिवसांनी पुण्याहून फोन आला. वेबसाईटच्या कार्यालयातली तेजश्री नावाची मुलगी होती. बोलताना अडखळत होती. तिने सांगितलं की ते रेकॉर्डिंग तिने बैठकीत सगळ्यांना पडद्याकडे बघू न देता ऐकवलं. पान तयार करणारे तिथेच बसले होते, पण त्या पानावरची मुख्य बातमी कोणती ते एकालाही सांगता आलं नाही. मोठे साहेब म्हणाले, कुठलं पान आहे हे? कोणीतरी खाली मान घालून म्हणालं, आपलंच.

मित्रांनो, आता जे झालं ते जादूने झालं नाही. फार चिकाटीचं आणि कंटाळवाणं काम असतं ते. एकेका बटणाला नाव द्यायचं. मथळे चित्रातून काढून अक्षरांत लिहायचे. फुली कुठे आहे ते मला सापडेल असं करायचं. मी वाचत असताना पान माझ्या पायाखालून ओढायचं नाही. कमी दिसणाऱ्यांसाठी अक्षरं मोठी, ठळक करायची. थोडं काही सुधारलं की तेजश्री फोन करायची आणि विचारायची, "चाचा, आता बघा बरं." ते बोट फिरवायचे, मी बोलायचो आणि दरवेळी माझ्या तोंडातला एकेक खडा गळून पडायचा.

फोटोंचं मात्र घोडं अडलं होतं. आधी त्यांनी ते काम एका यंत्राला दिलं. यंत्राने सीताफळांच्या ढिगाऱ्याच्या फोटोवर लिहून ठेवलं, 'हिरव्या चेंडूंचा ढीग असू शकतो.' मी ते इमानदारीत वाचलं. मला जे दिलं ते वाचणं भाग. खाजामियाँ इतके हसले, इतके हसले की जावेद गिऱ्हाईक सोडून बघायला आला.

मग तेजश्री स्वतःच बाजाराच्या दिवशी पाटोद्याला आली आणि सकाळभर गाड्याशेजारी बसली. एका फोटोला मी 'चित्र' म्हटलं आणि खाजामियाँनी नेहमीसारखा मोबाईल शहादेवांपुढे धरला. शहादेव म्हणाले, "एक म्हातारी हाय. पदर खोचलाय. हातात कागद हाय अन् समद्यांना दाखवायलीय. तोंड बघ की, लई दिसांनी काम झालेलं दिसतंय." तेजश्रीने ते शब्दन्शब्द उतरवून घेतलं. जाताना ती खाजामियाँना म्हणाली, की आम्ही फोटोबद्दल लिहायचं ठरवत होतो, पण फोटो कोणाला तरी सांगायचा असतो हेच आमच्या लक्षात आलं नव्हतं.

त्यानंतर वेबसाईटवर प्रत्येक फोटोसाठी माणसं ओळी लिहू लागली. कोण आहे, काय करतोय, चेहरा कसा आहे. मग एका सकाळी मी पहिल्यांदा एक फोटो पूर्ण सांगितला: 'शाळेच्या ओट्यावर बसलेल्या चार मुली डबा खात आहेत, एकीचं लक्ष आंब्याच्या झाडाकडे आहे.' माझाच माझ्यावर विश्वास बसेना. आयुष्यभर 'चित्र' म्हणून गप्प बसणारा मी, मला आंब्याचं झाड सांगता आलं! लोक पुन्हा जमू लागले. बंकटसुद्धा हॉटेल सोडून ऐकायला आला. खाजामियाँचा आवाज असा लागला होता की विचारू नका.

त्या गडबडीत एक गोष्ट कोणी पाहिली नाही. शहादेव कॅरेटवरून उठले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी पेरू आले, शहादेव आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही गडीमाणूस माल टाकून गेला. खाजामियाँ वाचून दाखवत होते, पण मधूनच त्यांचं बोट थांबायचं आणि ते मान वळवून कॅरेटच्या बाजूला कान द्यायचे. शेवटी जावेदला शहादेव वाटेत भेटले, तेव्हा उलगडा झाला. पोपटाला आता सगळं दिसायला लागलंय, मग मी तिथं बसून काय करू, असं म्हणाले म्हणे.

मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. मी कोणाची जागा मागितली नव्हती. मला फक्त माझं काम नीट करायचं होतं.

खाजामियाँनी जावेदला गाडा बंद करायला लावला आणि मोटरसायकलवर मागे बसून थेट पेरूच्या बागेत गेले. शहादेव झाडाखाली पेरू निवडत होते. त्यांनी खाजाभाईला हाताला धरून बसवलं, पाणी दिलं आणि पुन्हा पेरू निवडायला बसले. खाजामियाँनी मोबाईल काढला, बातम्या लावल्या आणि बोट सरकवत एका फोटोवर आणलं. मी सुरुवात केली, 'पावसाने वाहून गेलेल्या...' तोच त्यांनी बोट दाबून मला गप्प केलं आणि मोबाईल शहादेवांपुढे धरला.

शहादेव म्हणाले, "का म्हून? तुजा पोपट सांगतोय की समदं."

"सांगतो," खाजामियाँ म्हणाले. "लई चांगलं सांगतो. तू चार म्हैने दवाखान्यात पडलास तर मी त्येच्यावर काढीन. पण त्येच्यासंगं भांडता येत न्हाई बे."

शहादेवांनी हातातला पेरू खाली ठेवला. मग त्यांनी डोळे बारीक केले, मोबाईल जवळ ओढला आणि म्हणाले की हा पूल आहे, आणि बांधणाऱ्याने त्यात सिमेंट दाखवायलासुद्धा घातलेलं नाही. खाजामियाँ लगेच म्हणाले, तुला फोटोत सिमेंट कसं दिसलं?

मित्रांनो, तुम्ही कुठे फोटो टाकाल, एखादं पान बनवाल, तर त्याला दोन ओळी जरूर लिहा आणि बटणाला नाव द्यायला विसरू नका. तेवढ्यासाठी कोणाचं तरी अख्खं घर सकाळची वाट बघत असतं. आणि शेजारी माणूस बसलेला असेल तर त्यालाही विचारा. त्याने माझं काही कमी होत नाही.

आता रोज असंच चालतं. फोटो आला की खाजामियाँ मला अर्ध्या वाक्यात थांबवतात. दोघांचं भांडण आटोपलं की ते मला सोडतात आणि मग मी उरलेलं वाक्य सांगतो. बहुतेक वेळा तोवर ऐकणारं कोणी उरलेलं नसतं. तरी मी ते पूर्ण करतो, आणि फार मजेत करतो.