एन्झाइम कृमीचे की मेंढीचे

नवे एन्झाइम सापडले आहे, असे तिने अजून कोणाला ठामपणे सांगितले नव्हते. विभागात मात्र ते सर्वांना ठाऊक होते. मेंढीच्या यकृतात राहणारे चपटे, पानासारखे कृमी रक्त पचवण्यासाठी जी एन्झाइमे वापरतात, ती आम्लात जोमाने चालतात आणि एका ठरावीक रसायनाने थांबतात. हे नवे एन्झाइम आम्लाशिवायही प्रथिने कापत होते आणि त्या रसायनाला दाद देत नव्हते. संशोधक म्हणून तिची नेमणूक महिनाअखेर संपणार होती. मुदतवाढ मागायला दुसरा आधार नव्हता.

कृमी आणून देत ते तिचे सासरे, कत्तलखान्यातील मांसतपासनीस. त्या सकाळी त्यांनी प्रयोगशाळेच्या टेबलावर थर्मास ठेवला.

"घे तुझे पाहुणे. एकही दगावला नाही."

"बाबा, हल्ली फारच टवटवीत असतात. करता काय तुम्ही?"

"पाहुणचार! तुझं ते मिठाचं पाणी कोणाला गोड लागणार? ते टाकतो ओतून. पित्तनलिकेतलाच रस पिळून भरतो. घरच्यासारखं वाटतं त्यांना."

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून. का गं, तोंड का उतरलं?"

नवे एन्झाइमही हिवाळ्यापासूनच दिसू लागले होते.

मेंढीत स्वादुपिंडाची नलिका पित्तनलिकेलाच येऊन मिळते. तेथला रस पिळला, तर मेंढीचा स्वतःचा पाचकरसही त्यात येणार. कृमी तो गिळणार आणि परीक्षानळीत ओकणार. ती कृमी धूत असे, पण बाहेरून.

"म्हणजे मी घोळ घातला," सासरे म्हणाले.

"अजून माहीत नाही. उद्या कृमी मिठाच्या पाण्यात आणा. आणि निरोगी मेंढीचा रस वेगळ्या बाटलीत."

दुसऱ्या दिवशी मिठाच्या पाण्यातल्या कृमींनी जे ओकले, त्यात नवे एन्झाइम नव्हते. निरोगी मेंढीचा रसही प्रथिनांना हात न लावता नुसता निपचित पडून होता. सवयीने तिने तिसऱ्या नळीत दोन्ही एकत्र केले. तिथे आम्लाशिवायच प्रथिने भराभर तुटली, आणि ते रसायन टाकूनही थांबली नाहीत.

ती विभागप्रमुखांच्या खोलीत गेली.

"मॅडम, ते एन्झाइम मेंढीचं आहे."

"झालं! मुसळ केरात." त्यांनी चष्मा काढला. "मग कृमी काय करतो?"

"झोपलेल्या एन्झाइमला उठवत असावा. पण एकदाच दिसलंय."

"एकदा दिसलं ते दिसलंच नाही, असं तूच सगळ्यांना ऐकवतेस."

"म्हणून तर वेळ हवाय."

मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला. "तीन वर्षांची मुदतवाढ विसर. नव्या शोधाच्या नावावर ती मिळणार होती. वर्षभरासाठी मी भांडून बघते. उद्या कुणा परक्याने हे उघडं पाडलं असतं, तर तेवढंही तोंड उरलं नसतं."

वर्ष मिळाले. त्याच संध्याकाळी तिने सासऱ्यांना सगळे सांगितले, त्यांच्या पाहुणचारासकट. त्यांनी रिकामा थर्मास पुढे ओढला.

"मग आता कृमी आणि रस दोन्ही आणायचे, पण वेगवेगळे?"

"एकाचा थेंबही दुसऱ्याला लागता कामा नये."

"कळलं. भांडलेल्या जावांसारखे," ते म्हणाले, आणि किती बाटल्या लागतील ते विचारू लागले.