न उजळलेलं सॅम्पल

निरवांगीच्या तुळसाबाईंचं दुसरं सॅम्पलही बाद करताना समिनाला रडू यायचंच बाकी होतं. बाईंना रक्ताचा कर्करोग आहे, एवढं इंदापूरच्या डॉक्टरांना कळलं होतं. तो कुठल्या प्रकारचा, ते बारामतीच्या लॅबमधून समिनाने सांगायचं होतं. रक्तात चमकणारा रंग लावलेल्या अँटिबॉडी मिसळायच्या; त्या कर्कपेशींच्या अंगावरच्या ठरावीक प्रथिनांना चिकटतात आणि मशीनच्या लेझरखाली चमकतात. कुठली चमकली, त्यावर औषध ठरणार. पण पहिलं रक्त साकळून आलं, आणि दुसरं बाईंच्या नवऱ्याने, नानांनी, बर्फात घालून धाडलं.

"नाना, पेशी फुटल्या सगळ्या. बर्फात ठेवायला कुणी सांगितलं?" फोनवर तिचा आवाज चढला.

"उन्हानं नासंल म्हून ठिवलं, ताई."

तिसऱ्या वेळी ती स्वतःच एसटीने इंदापूरला गेली. शीर सापडेना, नर्सला तीन ठिकाणी टोचावं लागलं. तुळसाबाई भिंतीकडे बघत राहिल्या. ट्यूब जपत समिना दुपारी परतली, सॅम्पल लावलं. पडद्यावर काहीच उजळलं नाही.

तिने स्वतःचं रक्त काढून लावून बघितलं. निरोगी रक्तात जे ठिपके हमखास दिसतात, तेही नव्हते. म्हणजे दोष अँटिबॉडीत. मग तिला आठवलं. सोमवारी फ्रीज पुसताना अँटिबॉडीच्या कुप्या तिनेच खिडकीतल्या टेबलावर काढून ठेवल्या होत्या आणि तशीच जेवायला गेली होती. उजेडाने त्यांची चमक मरते, हे नव्या मुलींना तीच शिकवायची.

तिने नानांना फोन लावला. "ह्या वेळची चूक माझी आहे. रक्त चांगलं आहे, परत काढायला नको. पुण्याहून नव्या कुप्या उद्या येतील."

"मागल्या टायमाला मला लई बोलला तुमी," नाना म्हणाले.

"हो. बोलले."

कुप्या दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला मिळाल्या. साडेतीनला पडद्यावर ठिपक्यांचा दाट पुंजका उमटला. बी पेशींचा, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशींचा, कर्करोग. तिने लगेच डॉक्टरांना कळवलं.

"आजच औषध सुरू करतो," ते म्हणाले. "पण नऊ दिवस गेले हो."

फोन ठेवून ती नव्या कुप्या काळ्या कागदात गुंडाळायला बसली. स्वतःवरच्या रागाने हात इतके जोरात चालत होते की कागद दोनदा फाटला.