चार बुचं

मागची सीट काढली, फळी ठोकली, फळीवर गादी, गादीखाली रंग आणि कॅनव्हास. एवढ्यावर आमच्या जुन्या स्टेशन वॅगनचं घर झालं. त्यात साठी उलटलेले आम्ही दोन चित्रकार ओहायोहून पॅसिफिकच्या किनाऱ्याला निघालो होतो. माझ्या नवऱ्याचा, डेल्बर्टचा, उजवा हात थरथरायचा. गोळी घेतल्यावर सकाळी तासभर तो हात त्याचं ऐकायचा. तो तासही आता फार दिवस राहायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

या माणसाने जन्मात माझं चित्र काढलं नव्हतं. कोठारं काढली, घोडे काढले, शेजाऱ्याचा ट्रॅक्टरसुद्धा काढला. मी विचारलं की म्हणायचा, "तू गप्प बसशील तेव्हा काढतो." नेब्रास्कात एका सकाळी मी कॉफी घेऊन गप्प बसले होते, तर त्याने मुकाट्याने ब्रश उचलला. चार-पाच सकाळी खपला. चित्र पाहून मला रडूच फुटलं. मी इतकी रागीट आणि इतकी देखणी दिसते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

तैलरंग वाळायला आठवडे लागतात. म्हणून दोन ओली चित्रं समोरासमोर ठेवताना चारी कोपऱ्यांत वाइनच्या बाटलीची बुचं लावायची, म्हणजे ती एकमेकांना टेकत नाहीत. माझ्या चेहऱ्यासमोर मी रंगवलेलं गव्हाचं शेत होतं.

युटाच्या उन्हात गाडी दिवसभर तापली. संध्याकाळी कॅनव्हास बाहेर ओढले, तर दोन्ही घट्ट चिकटलेले.

"बुचं कुठायत?" मी ओरडले.

डेल्बर्टने मागच्या खिडकीकडे बोट केलं. काचेच्या फटीत चारही बुचं कोंबलेली होती.

"काल रात्रभर खिडकी खडखडत होती गं. तुला झोप लागेना."

"मग कागद कोंबायचास! पायमोजा कोंबायचास! अक्कल ओहायोतच ठेवून आलास का?"

"अंधारात हाताला तीच लागली. मला वाटलं, रंग वाळला असेल आता."

आम्ही हळूहळू सोडवत गेलो. माझं नाक, ओठ आणि एक गाल गव्हाच्या शेतात गेला.

सकाळी गोळी घेऊन तो बसला. "व्हर्ना, मनगट धर माझं."

मी दोन्ही हातांनी धरलं. ब्रश ओठांकडे निघाला आणि धड राहिलेल्या डोळ्यावरून फरफटत गेला. त्याने ब्रश खाली ठेवला.

"तूच पुरं कर. तुझा हात चांगलाय."

"मला माझं तोंड नकोय, डेल. तू काढलेलं हवं होतं."

बोलायला नको होतं, पण खरं तेच होतं. तो पाठ फिरवून रडला. मी जवळ गेले नाही.

निघताना मी खिडकीतली बुचं उपसून डब्यात टाकली.

"असू दे ना," तो म्हणाला. "झोपशील तरी."

"वाजू दे."

त्यानंतर आम्ही दोघांनीही ब्रश हातात घेतला नाही. खिडकी किनाऱ्यापर्यंत खडखडत राहिली.